भंगारातला मायक्रोस्कोप अन् संत्र्यावरची सायला : फोकस स्टॅकिंगची घरगुती जुळणी

बारीकनजर (धागाकर्ता) | रविवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. गेली दीड वर्षं एकाच गोष्टीच्या मागे लागलो आहे. आता कुठे दाखवण्यासारखं काही हाती आलंय, अन् एका जागी गाडी अडली पण आहे. दोन्ही सांगतो.

मला दोन-तीन मिलिमीटरच्या जिवांचे फोटो काढायचे असतात. मुंगी, तुडतुडा, फुलकिडा, संत्र्यावरची सायला (कोवळ्या शेंड्यांचा रस शोषणारा बारीक किडा). तेही डोक्यापासून शेपटापर्यंत सगळं स्पष्ट पाहिजे. सुरुवात केली ती कॅननच्या जुन्या डीएसएलआरवर सोबतची १८-५५ लेन्स उलटी लावून. ५८ मिलिमीटरची रिव्हर्स रिंग आणली, लेन्स १८ वर ठेवली अन् स्टीलच्या फूटपट्टीचा फोटो काढला. चौकटीत साधारण ७ मिमी बसले. सेन्सर २२.३ मिमी रुंद आहे, म्हणजे प्रतिमा ३ पटींहून थोडी मोठी. एवढ्यावरच मुंगी ओळखू येईनाशी होते इतकी वेगळी दिसते.

पण डोळा स्पष्ट आला की मिशी धूसर, मिशी धरली की डोळा गेला. अ‍ॅपर्चर बारीक करून पाहिलं. ३ पट मोठेपणाला एफ/८ ठेवलं तर प्रत्यक्षात ते एफ/३२ सारखं वागतं (मोठेपणात १ मिळवायचा अन् त्याने एफच्या आकड्याला गुणायचं), अन् मग प्रकाश कडांवरून पसरून अख्खा फोटोच मऊ होतो. दोन्हीकडून कोंडी.

उपाय एकच. किडा केसभर सरकवत पन्नास, शंभर, दोनशे फोटो घ्यायचे, प्रत्येकातला फक्त स्पष्ट भाग उचलायचा अन् संगणकावर त्यांचा एक फोटो जुळवायचा. यालाच फोकस स्टॅकिंग म्हणतात, अन् त्या फोटोंच्या गठ्ठ्याला स्टॅक. यासाठी मोटर लावलेले तयार रेल मिळतात, पण त्यांची किंमत माझ्या कॅमेऱ्याच्या वर जाते. म्हणून घरी बनवायला घेतलं.

किती सरकवायचं याचा हिशोब आधी समजून घ्यावा लागतो. मायक्रोस्कोपच्या ऑब्जेक्टिव्हवर (वस्तूच्या बाजूचं भिंग) एनए लिहिलेला असतो, म्हणजे ते किती रुंद कोनातून प्रकाश गोळा करतं त्याचा आकडा. प्रकाशाची तरंगलांबी भागिले एनएचा वर्ग, एवढीच जाडी एका फोटोत स्पष्ट येते. हिरवा प्रकाश ०.५५ मायक्रॉन धरा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). ४एक्स ऑब्जेक्टिव्हचा एनए ०.१०, म्हणजे ५५ मायक्रॉन. १०एक्सचा ०.२५, म्हणजे जेमतेम ९ मायक्रॉन. शेजारचे फोटो एकमेकांवर थोडे चढले पाहिजेत, म्हणून मी ४एक्सला ४० अन् १०एक्सला ६ मायक्रॉनचं पाऊल ठेवतो. १ मिमी खोलीचा किडा १०एक्सवर म्हणजे १६० च्या वर फोटो झाले.

पहिला प्रयत्न मेलेल्या डीव्हीडी रायटरमधल्या लेझरच्या गाडीवर. त्यातली मोटर एका फेरीत २० पावलं टाकते अन् स्क्रू एका फेरीत ३ मिमी सरकवतो. एक पाऊल १५० मायक्रॉन. ड्रायव्हरने त्याचे १६ भाग केले तर कागदावर ९ मायक्रॉन येतात, पण प्रत्यक्षात गाडी दोन भाग जागेवर राहायची अन् तिसऱ्याला एकदम उडी मारायची. प्लास्टिकची पकड आहे ती, तिच्याकडून याहून जास्त मागणं चूकच.

दुसरा प्रयत्न आपल्या नागपूरच्या इतवारीतल्या लोहाओळीतून आणलेल्या एम६ च्या आटेवाल्या सळईवर. एका फेरीत १ मिमी, नेमा १७ मोटरची २०० पावलं, म्हणजे एक पाऊल ५ मायक्रॉन. गाडी म्हणून किचन ट्रॉलीचं चॅनल वापरलं. हिशोब चोख होता. पण सळई अगदी बारीकशी वाकडी असते, डोळ्याला दिसत नाही, अन् प्रत्येक फेरीला किडा स्क्रीनवर डावीकडून उजवीकडे डोलत जायचा. चॅनल बाजूला हलतं ते वेगळंच. तीन महिने त्यात गेले.

तिसरा प्रयत्न हा आत्ताचा. एका भंगारवाल्याकडे शाळेतला जुना मायक्रोस्कोप दिसला. आयपीस नाही, आरसा फुटलेला, पण फाइन फोकसचा नॉब मऊ फिरत होता. किलोच्या भावाने घेतला. माणसाने आधीच इतकी बारीक सरकणारी गाडी बनवून ठेवली आहे, मग आपण सळया का वाकवत बसायचं, हे मला फार उशिरा सुचलं. फाइन नॉबच्या एका फेरीला गाडी ०.२ मिमी सरकते. नॉबला २८बीवायजे-४८ ही छोटी मोटर जोडली, मधे पेट्रोलच्या नळीचा तुकडा. मोटर एका फेरीत २०४८ पावलं टाकते, म्हणजे एका मायक्रॉनला साधारण १० पावलं. ४० मायक्रॉनला ४१०, ६ मायक्रॉनला ६१. अर्डुइनो नॅनो (प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड) मोटर फिरवतो, थांबतो, कॅमेऱ्याला क्लिक देतो, पुन्हा फिरवतो.

कॅमेरा हलत नाही, किडा हलतो. कॅमेरा अन् नळी मिळून किलोभर वजन, किडा अन् टाचणी मिळून काहीच नाही. ओट्याच्या ग्रॅनाइटचा उरलेला तुकडा खाली घेतला, त्याखाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे. मायक्रोस्कोप पाठीवर आडवा झोपवला अन् गाडीवर टाचणीची पकड बसवली.

ऑब्जेक्टिव्ह त्याच मायक्रोस्कोपचा. नोजपीसमध्ये (ऑब्जेक्टिव्ह बसतात त्या चकतीत) आरएमएसचे, म्हणजे ऑब्जेक्टिव्हच्या ठरलेल्या मापाचे आटे असतातच, तोच भाग कापून पीव्हीसी पाइपच्या तोंडावर बसवला. ऑब्जेक्टिव्हवर १६० लिहिलेलं असेल तर त्याच्या खांद्यापासून सेन्सरपर्यंत १५० मिमी अंतर लागतं. कॅननच्या बॉडीत ४४ मिमी आधीच जातात, उरलेले १०६ मिमी पाइप. पाइपच्या आत काळा मखमली कागद चिकटवा. तो लावायच्या आधी माझ्या सगळ्या फोटोंवर दुधाळ पडदा होता.

कॅमेरा सोडून सगळा खर्च अडीच हजारांच्या आत.

आता अडचण. ६० फोटोंचा स्टॅक जुळवला की किड्याच्या अंगावर मधेच एक धूसर पट्टा येतो. कधी मानेवर, कधी पोटावर. सुटे फोटो पाहिले तर तीन-चार फोटो अगदी एकसारखे असतात अन् पुढचा एकदम लांब गेलेला. मोटर पावलं चुकवत नाही, नॉबवर खूण करून मोजलं आहे. मग हे होतं कशाने?

---

काठावरची | रविवार, रात्री १०:०५

वाचनखूण साठवली. डीव्हीडीवाला प्रकार मीही करून बसले आहे, त्यामुळे तो परिच्छेद दोनदा वाचला.

---

तारजोड | रविवार, रात्री ११:२०

उत्तम लिहिलंय. पट्ट्याचं मला सांगता येणार नाही, ते यांत्रिक दिसतंय. विजेच्या बाजूच्या तीन गोष्टी सांगतो.

कॅमेऱ्याला क्लिक कशी देता? अर्डुइनोची पिन थेट कॅमेऱ्याच्या २.५ मिमी जॅकला जोडली असेल तर आजच काढा. मधे ऑप्टोकपलर (तारा न जोडता उजेडाने इशारा पोचवणारा भाग) टाका, पीसी८१७ पाच-दहा रुपयांत बर्डीवर कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतो. दोन लागतील, एक फोकसच्या तारेला अन् एक शटरच्या. दोन्ही आपापल्या वेळी ग्राउंडला टेकवायच्या, बस. कॅमेरा अन् मोटर यांच्यात तांब्याचा एकही धागा सलग जाता कामा नये.

मोटरला नॅनोच्या ५ व्होल्टवरून वीज देऊ नका, वेगळा चार्जर लावा. चार्जर अन् नॅनोचा ग्राउंड तेवढा एक करा.

तिसरी गोष्ट आपल्या गावासाठी जास्त महत्त्वाची. पाऊल टाकून झालं की मोटरच्या चारही तारा बंद करा. ती गिअरची मोटर आहे, वीज नसली तरी जागेवर राहते. वीज चालू ठेवली तर ती तापते अन् शेजारचं लोखंड तापवते. १०० मिमी लांबीचं स्टील एका अंशाला १.२ मायक्रॉन वाढतं, अ‍ॅल्युमिनियम त्याच्या जवळपास दुप्पट. खोली दुपारी ५ अंशांनी तापली तर स्टीलच ६ मायक्रॉन सरकलं. तुमचं १०एक्सचं अख्खं पाऊल तेवढंच आहे! मे महिन्यात दुपारी १०एक्सचा स्टॅक घेऊच नये.

---

बारीकनजर | सोमवार, सकाळी ७:१५

तारजोड, मनापासून आभार. ऑप्टोकपलर एकच लावला होता, शटरला. दुसरा आज लावतो. तापमानाचा हिशोब मी कधी केलाच नव्हता, अन् आता जुने काही बिघडलेले स्टॅक आठवून राहिले आहेत.

---

लेथवरचा | सोमवार, रात्री ९:३०

भाऊ, मी २२ वर्षं हिंगणा एमआयडीसीत लेथवर आहे. फोटोचं मला जमत नाही, पण तुमचा पट्टा मला वाचतानाच दिसला.

मायक्रोस्कोप उभा राहण्यासाठी बनवलेला आहे. उभा असताना वरच्या भागाचं वजन सारखं खाली ओढत असतं, त्यामुळे गाडी स्क्रूच्या टोकावर कायम टेकून राहते. स्क्रू वर गेला की गाडी वर, स्क्रू खाली सरकला की वजनामुळे गाडी त्याच्यामागे खाली. साध्या शाळेच्या मॉडेलमध्ये स्क्रू गाडीला फक्त ढकलतो, ओढत नाही. ओढायचं काम वजनाचं.

तुम्ही तो झोपवला. आता ढकलणारा आहे, ओढणारा नाही. मला वाटतं तुमची मोटर स्क्रू मागे घेते त्या दिशेने चालते. स्क्रू मागे गेला, गाडी जागेवर. आणखी मागे गेला, गाडी जागेवर. मग मोटरचा बारीक हादरा लागला की गाडी एकदम जाऊन टेकते. तेच तुमचे तीन सारखे फोटो अन् चौथा लांबचा.

तपासून पाहा. डायल गेज (बारीक सरकणं सुईने दाखवणारं मापक) गाडीला लावा, ०.०१ मिमीवाला. नॉब पुढे फिरवा, मग उलटा फिरवा अन् सुई हलायला नॉब किती फिरवावा लागतो ते पाहा. तेवढा प्ले, म्हणजे ढिलेपणा, आहे. लेथवर आम्ही डायल पुढे निघून गेली तर तेवढीच मागे आणून कधी वाचत नाही. पूर्ण फेरी मागे जातो अन् पुढूनच परत येतो. तुम्हीही स्टॅक सुरू करण्याआधी तसंच करा.

अन् गाडीला ओढणारं काही लावा. रबर लावू नका, ते ताणलं तसं जास्त ओढतं अन् उन्हाळ्यात ढिलं पडतं. दोरा बांधा, कप्पीवरून खाली सोडा, टोकाला वजन लटकवा. वजन सारखंच ओढतं, पहिल्या फोटोलाही अन् शेवटच्यालाही.

जुनं ग्रीस काढलं का? शाळेचा मायक्रोस्कोप म्हणजे त्यातलं ग्रीस डिंकासारखं झालेलं असणार. घासलेटने पूर्ण धुवा, कोरडं करा, मग हलकं ग्रीस बोटाने पुसून लावा. भरू नका.

---

महालातला स्टुडिओ | मंगळवार, दुपारी ४:१०

लेथवरचे साहेब अगदी बरोबर बोलले. मी आणखी एक सुचवतो. माझा फोटोस्टुडिओ होता, डार्करूम बंद होऊन वीस-एक वर्षं झाली. एन्लार्जर, म्हणजे निगेटिव्हवरून कागदावर मोठा फोटो पाडायचं यंत्र, अजून घरात आहे. त्याचा खांब पाहा, जाड नळी, खाली भक्कम फळी, दातेरी पट्टीवर वरखाली होणारी गाडी. कॅमेरा त्यावर खाली तोंड करून लावा अन् मायक्रोस्कोप त्याखाली उभाच ठेवा. मग वजन लटकवायचीही गरज नाही.

आणि एन्लार्जरची लेन्स फेकू नका. ५० मिमीची लेन्स ३९ मिमीच्या आट्यांची असते, अडॅप्टर मिळतो. ती उलटी लावा. सपाट निगेटिव्हवरून सपाट कागदावर चित्र पाडण्यासाठीच ती घडवलेली आहे, त्यामुळे मधोमध जेवढी धार तेवढीच कडेला. दोन-तीन पटींच्या कामाला शाळेच्या ४एक्सपेक्षा ती कितीतरी चांगली पडेल. आमच्या काळातले कितीतरी एन्लार्जर शहरात माळ्यांवर पडून आहेत. कोणी विचारत नाही म्हणून पडून आहेत.

---

बारीकनजर | मंगळवार, रात्री ११:५०

काका, माळ्यावरचा एन्लार्जर पाहायला कधी येऊ तेवढं सांगा. लेन्सचा कडेचा मुद्दा मी रोज भोगतो आहे. शाळेचा ऑब्जेक्टिव्ह साधा अ‍ॅक्रोमॅट आहे, चौकटीच्या मधल्या दोन तृतीयांशापर्यंत धार अन् कोपऱ्यात सगळं पातळ. प्लॅन लिहिलेला असेल तो सपाट येतो, पण महाग.

लेथवरचे दादा, तुम्ही सांगितलं तसंच केलं, अन् आज जे पाहिलं ते जसंच्या तसं लिहितो.

डायल गेज एका मित्राकडून आणला. नॉब उलटा फिरवल्यावर सुई हलायला साधारण ६० मायक्रॉन गेले. म्हणजे ४एक्सची दीड पावलं अन् १०एक्सची दहा! मी हे सगळं मोटरच्या माथी मारत होतो.

मायक्रोस्कोप खोलला. ग्रीस खरोखर डिंकच झालं होतं, पिवळं, नखाने खरवडावं लागलं. घासलेटमध्ये दोन तास ठेवलं, जुन्या टूथब्रशने घासलं. गाडीच्या खाचेत एका बाजूला बारीक चमकदार पट्टी दिसली, दुसरी बाजू काळीच. म्हणजे वर्षानुवर्षं गाडी एकाच अंगाला टेकून चालली होती, तुम्ही म्हणालात तशीच. ती चमक पाहताना अंगावर काटा आला. कोणत्या शाळेतल्या किती पोरांनी तो नॉब फिरवला असेल.

कप्पी म्हणून आईच्या शिलाई मशीनची बॉबिन एका खिळ्यावर बसवली. दोरा नायलॉनचा. वजन म्हणून किराण्याच्या तराजूतलं २०० ग्रॅमचं माप लटकवलं. पट्टा निम्मा झाला, गेला नाही. ५०० ग्रॅमचं लावलं अन् गेला. एकाच माशीचे तीन स्टॅक घेतले, तिन्ही स्वच्छ. माप लोंबकळून हलतं, म्हणून ते खाली पाण्याच्या वाटीत अर्धं बुडवून ठेवलंय, तेवढ्याने झोका थांबतो.

दीड वर्षात ही गाडी पहिल्यांदा सांगितल्याइतकी चालली.

---

कोषातून | बुधवार, सकाळी १०:३०

मी महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते. यंत्राबद्दल सगळं आलंय, किड्याबद्दल कोणी बोललेलं नाही, म्हणून लिहिते.

या कामासाठी कीटक मारायची गरज नाही. पावसाळ्याच्या पहिल्या पंधरवड्यात अंगणातल्या दिव्याखाली सकाळी जे पडलेलं असतं तेच वर्षभर पुरेल. पण त्याच दिवशी उचला. एक-दोन दिवसांत लहान कीटकांचे डोळे आत बसतात अन् १०एक्सवर ते लगेच दिसतं. कडक झालेला कीटक ओल्या कापसाच्या बंद डबीत रात्रभर ठेवला की पाय मोकळे होतात, मग हवे तसे मांडता येतात. धूळ काढायला बारीक ब्रश अन् ७० टक्के अल्कोहोल. तुम्हाला साध्या डोळ्यांनी स्वच्छ वाटलेली मुंगी १०एक्सवर उकिरड्यातून आल्यासारखी दिसते. टाचणीच्या टोकावर फेविकॉलचा एक कण, त्यावर कीटकाची उजवी बाजू, म्हणजे डावी बाजू आणि डोकं मोकळं राहतं.

आणखी एक विनंती. फोटोवर मापाची रेघ द्या. फूटपट्टी इथे जाड पडते. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळांत स्टेज मायक्रोमीटर असतो, काचेवर १ मिमीचे १०० भाग, म्हणजे एक भाग १० मायक्रॉन. त्याचा तुमच्या जुळणीवर एकदा फोटो काढून ठेवला की पुढे प्रत्येक फोटोत किडा नेमका केवढा ते सांगता येतं. माप नसलेला सुंदर फोटो आमच्या उपयोगाचा नसतो, माप असलेला मध्यम फोटो असतो.

---

काठावरची | बुधवार, दुपारी १:००

दोन प्रश्न. ४०एक्स का नको? आणि हे जुळवता कशात? माझ्याकडे विकतचं सॉफ्टवेअर नाही.

---

बारीकनजर | बुधवार, रात्री ९:१५

ताई, एनए ०.६५ चा ४०एक्स ऑब्जेक्टिव्ह किड्यापासून अर्ध्या मिलिमीटरवर आणावा लागतो. तिथे उजेड कुठून घालणार? शिवाय तो ०.१७ मिमीच्या काचेखालून पाहण्यासाठी बनवलेला असतो, उघड्या किड्यावर धार येतच नाही. १०एक्सला सहा-सात मिमी जागा मिळते, तेवढ्यात टेबल टेनिसचा अर्धा चेंडू बसतो. चेंडूला मधे भोक, त्यातून ऑब्जेक्टिव्ह, बाहेरून दोन फ्लॅश. प्रकाश इतका मऊ येतो की डोळ्यांतली एकेक खिडकी मोजता येते. फ्लॅश नसेल अन् एलईडी बल्ब वापरत असाल तर जपा. आपली वीज ५० हर्ट्झची, स्वस्त बल्ब सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतो, अन् शटर छोटं असेल तर प्रत्येक फोटोचा उजेड वेगळा येतो. बॅटरीवर चालणारा दिवा घ्या.

सॉफ्टवेअर. झेरीन अन् हेलिकॉन दोन्ही विकतचे, झेरीन महिनाभर फुकट वापरून पाहता येतो. मी अजून फुकटच्यावरच आहे. ह्यूगिनसोबत अलाइन इमेज स्टॅक येतं, त्याने सगळे फोटो एकमेकांवर नीट बसवायचे, मग एन्फ्यूजला द्यायचे. त्यात एक्स्पोजर अन् सॅच्युरेशनचं वजन शून्य, कॉन्ट्रास्टचं एक, अन् हार्ड मास्क चालू. हे चार पर्याय बदलले नाहीत तर तो सगळ्या फोटोंची सरासरी काढून देतो अन् आपण यंत्राला दोष देत बसतो. केसांवर केस आडवे जातात तिथे मात्र झेरीनची पीमॅक्स पद्धत फार सरस आहे, तेवढं मान्य.

थरथर मोजायची सोपी पद्धत पण सांगून ठेवतो. लाइव्ह व्ह्यू १० पट मोठा करायचा अन् किड्याच्या एका केसावर नजर ठेवायची. माझं घर अजनीला, रूळ जवळ. मालगाडी गेली की केस नाचतो, अन् तो थांबायला गाडी गेल्यावरही बराच वेळ लागतो. शेजारच्या खोलीतला कूलर चालू असला तर तो थांबतच नाही. म्हणून उन्हाळ्यात मी रात्री दीडनंतर कूलर बंद करून बसतो. घरच्यांनी हे सहन केलं, त्यांचे उपकार आहेत.

---

नवती | गुरुवार, सकाळी ६:२०

भाऊ, मी काटोलकडचा, संत्र्याची बाग हाय. फोटोतलं मले काही समजत नाही, पण हा धागा पुरा वाचला. तुम्ही सुरुवातीलेच सायलाचं नाव घेतलं म्हणून लिहितो.

मृगाच्या बहाराची नवती, म्हणजे कोवळी पालवी, फुटली हाय. कोवळे शेंडे चिकट लागून राह्यले, काही पानं मुरडून राह्यली. मोठी सायला दिसते, शेपूट वर करून बसते. पण अंडी अन् पिल्लं किती हायेत हे समजत नाही. शेंड्याच्या पोटात असते ते. चष्मा लावून पाह्यलं, भिंगानं पाह्यलं. फवारा मारायचा का थांबायचं, हे त्याच्यावर ठरते. अन् खालच्या पानाले काळं काळं हाय ते काळ्या माशीचं हाय का नुसती कोळशी हाय, हेबी पाहायचं होतं.

तुम्ही डहाळी पाह्यसान का? मी शुक्रवारी कळमन्याले येतो हाय.

---

बारीकनजर | गुरुवार, सकाळी ७:००

दादा, पाहीन म्हणजे काय, वाटच पाहतो. फक्त शेंडा कापल्याबरोबर देठ ओल्या कापसात गुंडाळा अन् डब्यात बंद करून आणा. सुकायला लागलेलं पान फोटो चालू असतानाच वळतं, आपल्याला दिसत नाही पण स्टॅकमध्ये दिसतं. तीन-चार शेंडे वेगवेगळ्या झाडांचे, अन् काळी झालेली दोन जुनी पानं.

---

कोषातून | गुरुवार, सकाळी ११:४५

दोघांनाही उपयोगी पडेल म्हणून काय शोधायचं ते लिहिते. सायलाचं अंडं साधारण ०.३ मिमी, बदामाच्या आकाराचं, पिवळं-नारिंगी, अजून न उलगडलेल्या पानांच्या बेचक्यात. पिल्लाच्या पाच अवस्था, पाव मिलिमीटरपासून दीड-पावणेदोन मिलिमीटरपर्यंत. चपटं, पिवळसर, डोळे लाल, आणि मागून पांढऱ्या मेणाचा धागा निघतो. काळ्या माशीची ओळख अंड्यांतच आहे. पानाच्या मागच्या बाजूला ती गोल गोल चकलीसारखी मांडलेली असतात. तशी चकली दिसली तर नुसती कोळशी नाही. कोळशी ही बुरशी, ती किड्यांनी टाकलेल्या गोड चिकट्यावर वाढते. आणि सायलाकडे दुर्लक्ष करू नका, ग्रीनिंग या झाडांच्या रोगाचा जिवाणू एका झाडावरून दुसऱ्यावर तीच नेते.

---

बारीकनजर | शनिवार, पहाटे ३:१०

झालं. नवतीदादा काल दुपारी डबा देऊन गेले, मी रात्री एकला बसलो. कूलर बंद, रुळावर शांतता, खोली २९ अंशांवर स्थिर.

पहिला शेंडा ४एक्सवर. चौकटीत साडेपाच मिलिमीटर मावतात, त्यात शेंडा कसाबसा बसला. ४० मायक्रॉनची ७४ पावलं, प्रत्येक पावलानंतर ५ सेकंद थांबा. फोटो काढतानाच छोट्या पडद्यावर काहीतरी पिवळं उजळत गेलं, पण जुळवून होईपर्यंत कळलं नव्हतं की आपण काय पाहतोय.

न उलगडलेल्या दोन पानांच्या मधल्या घडीत अंडी आहेत. मी २३ मोजली. गव्हाच्या दाण्यांसारखी उभी, टोकं एका बाजूला झुकलेली, एकाला एक लागून. त्यांच्यावर पाच पिल्लं. एक मोठं आहे, त्याच्या पंखांच्या उशा (पुढे ज्यांचे पंख होतात ते उंचवटे) दोन्ही बाजूंना फुगलेल्या, डोळे डाळिंबाच्या दाण्याच्या रंगाचे. त्याच्या शेपटातून मेणाचा धागा निघून वळला आहे अन् धाग्याच्या टोकाला एक स्वच्छ थेंब लटकला आहे. तो थेंब ११ फोटोंमध्ये विभागून आला होता. लेथवरचे दादा, त्यातला एकही फोटो चुकला असता तर थेंबाच्या मधोमध पट्टा आला असता. तो आलेला नाही.

दुसऱ्या झाडाच्या शेंड्यावर अंडी नाहीत. तिसऱ्यावर चार. काळ्या पानाच्या मागे चकली आहे, स्पष्ट, दोन वेढ्यांची. कोषातूनताई, मापाची रेघ टाकली आहे, तुमच्या प्रयोगशाळेतला मायक्रोमीटर मिळाला की पुन्हा तपासून दुरुस्त करीन.

चारही फोटो नवतीदादांना पाठवले आहेत.

---

नवती | शनिवार, सकाळी ६:०५

पाह्यले. मोबाइल बापाच्या हातात देला, ते ४० वर्षं संत्र्यात हायेत. बराच वेळ पाहत बसले, मग म्हणाले, एवढ्या दिवस आपण याले पाह्यलंच नव्हतं.

पहिला शेंडा धुऱ्याकडच्या, म्हणजे बांधाकडच्या, ओळीतला होता, दुसरा अन् तिसरा मधल्या ओळीतले. म्हणजे कीड धुऱ्याकडून आत येऊन राह्यली. अख्ख्या बागेत फवारा मारायचा विचार होता, आता पहिले धुऱ्याकडच्या ओळी पाहतो.

भाऊ, पुढच्या शुक्रवारी प्रत्येक ओळीचा एक शेंडा आणतो. १४ ओळी हायेत. जमन का?

---

बारीकनजर | शनिवार, सकाळी ६:२०

जमवू. डब्यावर ओळीचा नंबर लिहून आणा.

---

महालातला स्टुडिओ | शनिवार, सकाळी ९:३०

चौदा शेंडे आडव्या जुळणीवर एका रात्रीत व्हायचे नाहीत. बारीकनजर, उद्या सकाळी गाडी घेऊन ये. एन्लार्जर माळ्यावरून उतरवून पुसून ठेवला आहे, खांब एकट्याला उचलणार नाही.